हॉलमध्ये गेम चालू, तरी पंख्याची घरघर नाही. सातारा-सांगलीच्या घरात असा पीसी कसा असेंबल करतात?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. सांगलीतल्या एखाद्या टू बीएचके फ्लॅटचा हॉल. आजोबा बातम्या बघून झोपायला गेलेत आणि रिमोट अखेर पोराच्या हाती आलाय. ५५ इंची टीव्हीला पीसी जोडलेला, कंट्रोलर चार्ज केलेला. गेम सुरू होतो, पाच मिनिटं जातात आणि टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यातून आवाज यायला लागतो. आधी हलका, मग थेट पिठाच्या गिरणीसारखा. आतल्या खोलीतून प्रश्न येतो, "काय लावलंय रे ते?" दुसऱ्या दिवशी पीसी परत बेडरूमच्या टेबलावर जातो आणि हॉलमधल्या गेमिंगचा विषय संपतो.

हॉलमध्ये ठेवायचा पीसी, म्हणजे ज्याला होम थिएटर पीसी म्हणतात तो, बहुतेक घरांत असाच फसतो. मशीन कमजोर असते असं नाही. ते फक्त घरात राहण्यालायक नसतं. टेबलावरचा पीसी वापरताना कानाला हेडफोन असतो, त्यामुळे आवाज कळत नाही. हॉलमध्ये तोच आवाज सगळ्या घराचा होतो.

त्यात यूट्यूबवरचे सायलेंट पीसीचे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले. तिथलं हवामान वेगळं, घरं वेगळी, वीजही वेगळी. साताऱ्यात किंवा सांगलीत तीच रेसिपी जशीच्या तशी लावली तर काही गोष्टी जमतात, काही हमखास बिघडतात. कुठल्या ते बघू.

आवाज नेमका कुठून येतो?

पीसीमध्ये आवाज करणाऱ्या गोष्टी मोजून पाच. प्रोसेसरवरचा पंखा, ग्राफिक्स कार्डाचे पंखे, कॅबिनेटचे पंखे, एसएमपीएसचा पंखा आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. याशिवाय एक सहावा पाहुणा असतो, त्याला कॉइल व्हाइन म्हणतात. ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसमधल्या वेटोळ्यांमधून करंट वेगाने कमी-जास्त झाला की ती वेटोळी थरथरतात आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. गेमचा मेन्यू उघडला आणि फ्रेम्स तीनशे-चारशेवर गेल्या की ही शिट्टी सगळ्यात जास्त ऐकू येते.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप सरळ बेरजेचं नाही. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. सारख्याच आवाजाचे दोन पंखे लावले तर मात्र फक्त ३ डेसिबल वाढतात. आणि पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज जवळपास १५ डेसिबलने उतरतो.

शांत पीसीचं अर्धं शास्त्र या तीन आकड्यांत आहे. १५०० च्या वेगाने फिरणारा एक पंखा जेवढी हवा ढकलतो, साधारण तेवढीच हवा ७५० च्या वेगाने फिरणारे तसेच दोन पंखे मिळून ढकलतात. पण आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो, म्हणजे कानाला निम्म्याहूनही कमी. त्यामुळे "आवाज नको म्हणून पंखेच कमी लावू" हा विचार उलटा पडतो. पंखे जास्त हवेत, मोठे हवेत आणि ते हळू फिरायला हवेत. घरातला छताचा पंखा आणि छोटा टेबल फॅन शेजारी शेजारी लावून बघितले की हे सांगावं लागत नाही.

मिरजेचा तंबोरा आणि टीव्ही युनिट

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज आहे. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही धड पोचणार नाही. तो भरतो खालच्या भोपळ्यामुळे. तारेची थरथर पातळ लाकडाच्या तबलीत उतरते, तबली आतली हवा हलवते आणि खोली भरून जाते.

आता हॉलमधलं टीव्ही युनिट बघा. प्लायवूडच्या पातळ फळ्या, मध्ये पोकळ कप्पा, मागची बाजू भिंतीला टेकलेली. हा झाला भोपळा. त्यावर ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असलेला पीसी ठेवला की डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, तिची थरथर कॅबिनेटच्या पायांतून फळीत उतरते आणि युनिट घुमायला लागतं. अनेकांना वाटतं पंखा वाजतोय. पंखा बदलून होतो, घूं घूं तशीच राहते.

उपाय अगदी स्वस्त आहे. हार्ड डिस्क काढून टाका आणि एनव्हीएमई एसएसडी लावा. तिच्यात फिरणारा भागच नसतो. सिनेमे आणि फोटोंसाठी मोठी हार्ड डिस्क हवीच असेल तर ती दुसऱ्या खोलीत राउटरपाशी नेटवर्कवर ठेवा. आणि कॅबिनेटच्या पायांखाली जाड, मऊ रबराचे किंवा फोमचे तुकडे ठेवा. योगा मॅटचे चार चौकोनी तुकडेही काम करतात.

तंबोऱ्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कान सरमिसळ आवाज सहज विसरतो, पण एकच ठाम सूर लागला तर तो सुटत नाही. पावसाचा आवाज कितीही मोठा असला तरी झोप लागते, पण डासाची बारीक गुणगुण लागू देत नाही. म्हणून शांत पीसी म्हणजे फक्त कमी डेसिबलचा पीसी नव्हे. २८ डेसिबलचा सरसर आवाज चालेल, २४ डेसिबलची शिट्टी चालणार नाही. तसंच पंख्याचा वेग सारखा वर-खाली होणं हे सतत एका वेगाने फिरण्यापेक्षा जास्त खुपतं.

२१ अंशांचे रिव्ह्यू आणि ३५ अंशांचा हॉल

इथे खरी गोम आहे. परदेशी रिव्ह्यूमध्ये कूलर तपासतात तेव्हा खोलीचं तापमान साधारण २० ते २२ अंश असतं. कूलर कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त ठरवतो की प्रोसेसर खोलीच्या किती अंश वर राहील. रिव्ह्यूमध्ये प्रोसेसर ६७ अंशांवर दिसला तर त्याचा अर्थ "खोलीपेक्षा ४५-४६ अंश वर" असा घ्यायचा.

एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला असताना, हॉलमध्ये रात्री नऊ वाजताही ३४-३५ अंश सहज असतात. मग तोच प्रोसेसर ८० अंशांवर जातो. सध्याच्या रायझन चिपची कमाल मर्यादा साधारण ९५ अंश असते, म्हणजे जळणार काही नाही. पण ८० दिसल्यावर मदरबोर्ड पंखा जोरात सोडतो. रिव्ह्यूमध्ये "अगदी शांत" म्हणून गाजलेला पीसी सांगलीत मे महिन्यात ओरडतो, तो यामुळे.

त्यामुळे बिनपंख्याचा, पूर्ण पॅसिव्ह पीसी हा प्रकार इकडे गेमिंगसाठी विसरलेलाच बरा. असे कॅबिनेट आणि कूलर मिळतात, नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ नावाचा मोठा बिनपंख्याचा कूलर आणला होता. सिनेमे बघायला तो चालेल. मात्र उन्हाळ्यात सलग दोन तास फुटबॉल खेळायचं तर एखादा हळू फिरणारा पंखा हवाच.

साताऱ्याचं गणित थोडं सोपं आहे. शहर सांगलीपेक्षा जास्त उंचावर, डोंगराच्या कुशीत, संध्याकाळ लवकर निवते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १२-१३ अंशांपर्यंत उतरतं. पण हा फायदा वाटतो तेवढा सरळ नाही, कारण मध्ये छताचा पंखा येतो.

उन्हाळ्यात हॉलमधला छताचा पंखा पूर्ण वेगात असतो आणि त्याचाच आवाज ४५-५० डेसिबलच्या घरात जातो. त्याखाली ३५ डेसिबलचा पीसी ऐकूच येत नाही. हिवाळ्यात पंखा बंद, खिडक्या बंद, घर गप्प. अशा वेळी ३० डेसिबलही कळतात, पण तेव्हा हवा थंड असते आणि पीसी आपोआप हळू फिरतो. म्हणजे दोन्ही टोकांना निसर्गच सांभाळून घेतो. खरी परीक्षा मधल्या दिवसांत होते. जून ते सप्टेंबर, पाऊस उघडलेली रात्र, २५-२६ अंश, पीसी तापलेला आणि पंखा मात्र बंद. पीसीची सेटिंग्ज करायची तर अशा रात्री करावीत. मे महिन्यात केलेलं ट्युनिंग ऑगस्टमध्ये गोंगाट वाटतं.

कप्पा बंद ठेवला तर सगळं फुकट

गेम खेळताना मध्यम पीसी साधारण २०० वॅट वीज घेतो आणि त्यातली जवळपास सगळी शेवटी उष्णता होते. ती उष्णता बाहेर काढताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल तर सेकंदाला १७ ते १९ लिटर हवा वाहायला हवी. छोट्या कॅबिनेटचं आतलं सगळं आकारमानच तेवढं असतं. म्हणजे दर सेकंदाला आतली हवा नवी व्हायला हवी.

आता हाच पीसी काचेचं दार असलेल्या कप्प्यात ठेवला तर काय होईल? सोडलेली गरम हवा तिथेच फिरून परत आत जाईल. दार उघडं ठेवा, मागची फळी कापून घ्या, भिंतीपासून निदान ८-१० सेंटिमीटर जागा सोडा. सुताराकडून युनिट नवं करून घेणार असाल तर मागे बंद फळीऐवजी जाळी मारायला सांगा. सुतार आधी "दिसायला बरं दिसणार नाही" म्हणेल. तो बरोबर आहे, पण जाळी टीव्हीच्या मागे आहे.

मग घ्यायचं काय?

इथे दोन वाटा आहेत. पहिली, वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर. एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा २०२४ मध्ये आलेला रायझन ५ ८६००जी ही याची उदाहरणं, दोन्ही ६५ वॅटचे. बायोसमध्ये जाऊन ते ४५ वॅटवर बांधता येतात आणि वेगात फार थोडा फरक पडतो. फुल एचडीवर हलकी-मध्यम सेटिंग्ज ठेवली तर क्रिकेट, फुटबॉल, जुने अ‍ॅक्शन गेम, घरी भाऊ-बहीण मिळून खेळतात ते सगळे गेम यावर चालतात. एक पथ्य आहे. अशा प्रोसेसरला रॅमच्या दोन स्टिक लावाव्यात, एक मोठी लावू नये. ग्राफिक्सही तीच रॅम वापरतं आणि एका स्टिकवर त्याचा वेग बराच पडतो. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे दुकानदार एकाच स्टिकवर भागवायचा सल्ला देतात. तो ऐकू नका, बचत दुसरीकडे करा.

दुसरी वाट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची. इथे कार्ड निवडताना आधी वॅट बघायचे, मग बाकीचं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं आणि बऱ्याच कार्डांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ५०६० ला १४५. हॉलमधल्या शांत पीसीसाठी १५० वॅट ही वरची रेघ समजावी. त्यापुढे गेलं की छोट्या कॅबिनेटमध्ये उष्णता बाहेर काढायला आवाजाची किंमत मोजावी लागते. आणि हलकं सिंगल फॅन कार्ड स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. त्याच चिपचं मोठ्या हीटसिंकचं, दोन पंख्यांचं कार्ड घ्या. कमी तापल्यावर पंखे पूर्ण थांबवण्याची सोय बहुतेक कार्डांत असते. टीव्हीवर सिनेमा चालू असताना कार्ड अगदी गप्प असतं ते यामुळेच.

कॅबिनेटच्या बाबतीत मात्र परदेशी व्हिडिओंनी लावलेलं एक वेड सोडायला हवं, ते म्हणजे मिनी आयटीएक्सचं. चपलेच्या खोक्याएवढा पीसी दिसायला भारी दिसतो. पण त्याचा मदरबोर्ड महाग, एसएफएक्स मापाचा एसएमपीएस महाग, आणि दोन्ही सातारा-सांगलीच्या दुकानात सहसा तयार नसतात, पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. बिघडले तर पुन्हा तीच वारी. टीव्ही युनिटशेजारी जमिनीवर किंवा कोपऱ्यातल्या टेबलावर जागा असेल तर मायक्रो एटीएक्स कॅबिनेट घ्यावं. त्यात १५० मिलिमीटरच्या आसपास उंचीचा टॉवर कूलर आणि १२० मिलिमीटरचे पंखे बसतात. ३७ किंवा ४७ मिलिमीटर उंचीचे बसके कूलर कप्प्यात मावतात खरे, पण त्यांचा ९२ मिलिमीटरचा पंखा तेवढ्याच उष्णतेसाठी जास्त वेगाने फिरतो. पुढची बाजू जाळीची असावी. "साउंडप्रूफ" म्हणून विकली जाणारी फोम लावलेली बंद कॅबिनेट आपल्या उन्हाळ्यात आतल्या आत तापतात आणि पंखे आणखी जोरात पळवतात.

एसएमपीएस गरजेपेक्षा मोठा घ्या. २०० वॅट लागणाऱ्या पीसीला ५५० किंवा ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस लावला तर तो तिसऱ्या हिश्श्याच्या भारावर चालतो, कमी तापतो आणि चांगल्या मॉडेलमध्ये त्याचा पंखा कमी भारावर फिरतच नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस मात्र दुकानातच ठेवून यावा.

बजेट अगदीच कमी असेल तर तिसरी पळवाटही आहे. कंपन्यांमधून निघालेले जुने ऑफिस डेस्कटॉप पुण्या-मुंबईतून येतात आणि इथल्या दुकानांत स्वस्त मिळतात. त्यात लो प्रोफाइल आरटीएक्स ३०५० बसवून टीव्हीखाली ठेवणारे बरेच आहेत. घेताना प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना बघा, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

पैसे न घालवता होणारी शांतता

नवं काही विकत घेण्याआधी ही कामं करून बघा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर गेमच्या फ्रेम्स ६० वर बांधा. टीव्ही ६० च चित्रं दाखवणार आणि कार्ड मात्र १४० काढत बसणार, ही नुसती मजुरी आहे. एवढ्या एका सेटिंगने कार्डाचे वॅट कित्येकदा निम्म्यावर येतात आणि मेन्यूमधली कॉइल व्हाइनची शिट्टीही बंद होते.

मग ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा. फ्रेम्स थोड्याच कमी होतात, उष्णता बरीच कमी होते. शेवटी बायोसमध्ये पंख्याचा कर्व्ह बसवा. ६५ अंशांपर्यंत एकच हळू वेग, त्यापुढे सावकाश चढण. आणि "स्टेप अप टाइम" किंवा तत्सम नावाची सेटिंग असते, ती काही सेकंदांवर ठेवा. नाहीतर गेम लोड होताना प्रोसेसर क्षणभर तापतो आणि पंखा दचकल्यासारखा ओरडून परत शांत होतो. घरच्यांना जाग येते ती या दचकण्याने.

वीजबिलाचं भय घालणारं कुणीतरी घरात असतंच. २०० वॅटचा पीसी रोज ३ तास चालवला तर महिन्याला १८ युनिट होतात.

हळद, राख आणि फोडणी

शांत पीसी सहा महिन्यांनी गोंगाट करायला लागतो त्याचं कारण धूळ. हीटसिंकच्या पात्यांत ती बसली की हवा जात नाही, तापमान चढतं, पंखा वेग वाढवतो.

इकडची धूळही साधी नाही. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या परिसरात बगॅसची काळी राख उडते. वाळवा, कराड भागात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ती दिसते, तशीच ती पीसीतही जाते. सांगलीत मार्केट यार्डाच्या आजूबाजूला हळदीची पूड हवेत असते. आणि सगळ्यात चिवट म्हणजे फोडणी. हॉलला लागून ओटा असेल तर तेलाची वाफ, उदबत्तीचा धूर आणि धूळ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो, जो नुसत्या फुंकरीने निघत नाही.

पंखे बसवताना आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे आत थोडा दाब राहतो आणि फटींमधून धूळ खेचली जात नाही. आत घेणाऱ्या पंख्यांवर काढून धुता येणारी जाळी हवी. जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धरा आणि पूर्ण वाळवून लावा. दिवाळीच्या साफसफाईत आणि मार्चअखेरीस, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, कॅबिनेट उघडून ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर पंखा वाऱ्याने भयंकर वेगात फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि नंतर आयुष्यभर खरखरतो.

लाईट, अर्थिंग आणि वळीव

जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच बैठ्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. अशा सॉकेटवर पीसी लावला की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजएवढा, म्हणजे ११० च्या आसपासचा दाब आणून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, पण तेवढा एचडीएमआयचं पोर्ट घालवायला पुरतो. चालू टीव्हीत चालू पीसीची केबल खुपसली आणि "एचडीएमआय गेलं" हे अनेकदा असंच होतं. साउंडबारमधून येणारी ५० हर्ट्झची घूं घूंही बऱ्याचदा याचीच भावंड. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, मग पीसी आणा. केबल जोडताना दोन्हीकडचे प्लग काढून जोडा.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगला एसएमपीएस त्यावर गुरगुरतो किंवा बंद पडतो. साइन वेव्हचा असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या जोरावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि मग पीसी रिस्टार्ट होतो.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग येतात, वारा सुटतो, विजा कडाडतात. गच्चीवरच्या डिश अँटेनाची केबल सेट टॉप बॉक्समधून टीव्हीला आणि टीव्हीतून एचडीएमआयने पीसीला जोडलेली असते. जवळपास वीज पडली तर तिचा झटका याच वाटेने येतो. प्लग काढून ठेवला होता तरी टीव्ही आणि पीसी दोन्ही गेले, ही तक्रार खोटी नसते. ढग दाटले की प्लगसोबत डिशची केबलही काढायची.

टीव्ही, कंट्रोलर आणि विंडोज की लिनक्स?

टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो आणि दोष पीसीला जातो. ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर टीव्ही, कार्ड आणि केबल तिन्ही एचडीएमआय २.१ चे लागतात.

स्टीमचा बिग पिक्चर मोड लावला की माऊस-कीबोर्डाशिवाय सोफ्यावरून सगळं चालतं. कंट्रोलरचा डोंगल पीसीच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टात लावून कंट्रोलर अडखळत असेल तर कंट्रोलर बदलू नका. यूएसबी ३ चं पोर्ट २.४ गिगाहर्ट्झवर गोंधळ करतं. साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टीव्हीसमोर आणून ठेवा.

व्हॅल्व्हच्या स्टीम ओएसमुळे आणि त्याच धर्तीवरच्या बॅझाइटसारख्या लिनक्समुळे पीसी अगदी गेमिंग कन्सोलसारखा वापरता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅल्व्हने टीव्हीखाली ठेवायची नवी स्टीम मशीन जाहीर केल्यापासून याची चर्चा वाढली आहे. पण गावातल्या मित्रांसोबत व्हॅलोरंट खेळायचं असेल तर लिनक्स उपयोगाचं नाही, त्याचं अँटी-चीट तिथे चालत नाही. जीटीए ऑनलाइनचंही तेच. शिवाय एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीला ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ द्यायला नकार दिला, त्यामुळे लिनक्सवर एएमडी कार्डातून ४के १२० हर्ट्झ काढताना अडचण येते. आणि नेटफ्लिक्स वगैरे बघायला पीसी वापरूच नका. टीव्हीचं स्वतःचं अ‍ॅप जास्त चांगलं चित्र देतं आणि एकही पंखा फिरवत नाही.

पीसीच हॉलमध्ये नसेल तर?

घरात आधीच एक तगडा, गोंगाट करणारा पीसी असेल तर तो विकू नका. तो आतल्या खोलीत राहू द्या आणि हॉलपर्यंत एक लॅन केबल ओढा. पीसीवर सनशाइन, टीव्हीवर किंवा छोट्या अँड्रॉइड बॉक्सवर मूनलाइट. दोन्ही मोफत आहेत. गेम आत चालतो, चित्र हॉलमध्ये दिसतं, आवाज दाराआड राहतो. वायफायवरही होतं, पण वाई-साताऱ्याकडच्या काळ्या दगडी भिंतींच्या घरांत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एक भिंत ओलांडताना दमतं. तिथे केबलच ओढायची.

जागा ठरवताना नदीचाही विचार

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि शहराच्या कितीतरी भागांत तळमजले बुडाले होते. २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरलं. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पीसी युनिटच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवू नये, आणि मोठ्या कॅबिनेटपेक्षा छोटं कॅबिनेट घेण्याचं खरं कारण इथे सापडतं. हँडल असलेला सात-आठ किलोचा पीसी एकटा माणूस दोन मिनिटांत वरच्या मजल्यावर नेतो. केबल्सवर आधीच चिठ्ठ्या लावून ठेवल्या तर पाणी ओसरल्यावर जोडायलाही तेवढाच वेळ लागतो. आणि पाण्यात भिजलेला पीसी वाळला असं वाटलं तरी चालू करून बघायचा नाही. एसएमपीएस टाकून द्यायचा, एसएसडी काढून घ्यायची आणि फोटो आधी वाचवायचे.